शब्दांची घडण – ७ : मुका ‘पी’ कुठे बोलतो?

इंग्रजी स्पेलिंग पाठ करणाऱ्याचा सगळ्यात जास्त राग असतो तो मुक्या अक्षरांवर. न्यूमोनिया, सायकॉलॉजी, टेरोडॅक्टिल या तिन्ही शब्दांच्या आरंभी ‘पी’ लिहायचा, पण उच्चारायचा नाही. स्मरणाच्या क्लृप्तीला म्हणतात त्या ‘निमॉनिक’चा ‘एम’ही असाच गप्प. मराठीने हे शब्द घेताना कानावर विश्वास ठेवला आणि ही अक्षरे सरळ गाळली. मग इंग्रजांनी ती का सांभाळली? पंडिती हौस म्हणून, असे सहज म्हटले जाते. मला ते पटत नाही. ही अक्षरे मुकी आहेत ती फक्त उंबरठ्यावर. शब्दाच्या आत शिरली की ती चांगली खणखणीत बोलतात.

हेलिकॉप्टर हा शब्द घ्या. आपण त्याची फोड ‘हेली’ आणि ‘कॉप्टर’ अशी करतो, ‘हेलिपॅड’ही त्याच समजुतीतून आला. खरा सांधा वेगळ्याच जागी आहे. ‘हेलिको’ म्हणजे मळसूत्री आणि ‘प्टेरॉन’ म्हणजे पंख, हे दोन्ही शब्द ग्रीक. टेरोडॅक्टिलच्या आरंभी हाच पंख आहे. त्या लुप्त प्राण्याच्या पंखाचा पडदा एका लांबलचक बोटाने तोललेला होता, म्हणून क्युव्हिएने १८०९ मध्ये त्याला ‘पंखबोट्या’ अशा अर्थाचे नाव दिले. हेलिकॉप्टरमध्ये ‘प’ला टेकायला आधी स्वर मिळतो, त्यामुळे तो ‘कॉप्’मध्ये सामावतो आणि ‘ट’ पुढे जातो. शब्दारंभी असा आधार नसतो. ग्रीक जिभेला ते जोडाक्षर तिथेही जमत होते, इंग्रजीला जमत नाही, एवढेच. निमॉनिकचा गप्प ‘एम’ ॲम्नेशियात, म्हणजे स्मृतिभ्रंशात, स्पष्ट ऐकू येतो. न्यूमोनियाचा ‘पी’ झोपेत श्वास अडकतो त्या ‘ॲप्निया’त सापडतो. ‘नॉस्टिक’चा मुका ‘जी’ तर ॲग्नॉस्टिक आणि डायग्नोसिसमध्ये बोलतोच, शिवाय आपल्या ‘ज्ञा’ धातूशी त्याचे मूळचे नाते आहे. डॉक्टर पापणी खाली ओघळण्याला ‘टोसिस’ म्हणतात. त्यातला ‘पी’ही अनुच्चारित, मूळ अर्थ पडणे. तोच धातू ‘सिम्प्टम’मध्ये आहे आणि संस्कृत ‘पत्’ त्याचाच भाऊबंद.

यावर सबळ आक्षेप स्पॅनिशचा. त्या भाषेने न्यूमोनियातला ‘पी’ लेखनातूनही काढला, ॲप्नियात मात्र ठेवला, आणि त्यापायी कुणा रोग्याचे काही अडले नाही. हे मान्यच. गोत्र दिसले नाही म्हणून शब्द चालायचा थांबत नाही. पण माझा दावा सोयीचा नाही, पुराव्याचा आहे. एक अक्षर ठेवल्याने अनोळखी वैद्यकीय शब्दाचा अर्थ ओळखीच्या शब्दावरून ताडता येत असेल, तर त्याला निरुपयोगी म्हणता येणार नाही.

दुसरा आक्षेप अधिक झोंबणारा आहे, तो म्हणजे ‘टार्मिगन’. हिवाळ्यात पांढराशुभ्र होणारा हा स्कॉटलंडच्या डोंगरांतला पक्षी. त्याचे नाव गेलिक भाषेतले, मूळचे ‘टार्मखन’सारखे, ‘पी’चा मागमूस नसलेले. रॉबर्ट सिबल्ड यांनी १६८४ मध्ये त्याच्यापुढे ‘पी’ चिकटवला, बहुधा पक्षी म्हटल्यावर ग्रीक पंख आठवून. म्हणजे पंडिती हौस होतीच! मात्र हा तोतया ओळखायलाही तीच कसोटी पुरते. टेरोडॅक्टिलच्या ‘पी’ला हेलिकॉप्टर साक्षीला आहे; ज्यात टार्मिगनचा ‘पी’ उच्चारला जातो असा नात्यातला एकही शब्द इंग्रजीत नाही.