पैसा पेरला की पैसा उगवतो का?

पेरल्याशिवाय उगवत नाही, हे आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही. पण पैसा पेरा, देव तो कितीतरी पटीनं परत देईल, असं कुणी टीव्हीवरून सांगितलं तर? अमेरिकेत अनेक वर्षं हे सांगितलं जातंय. त्यावरून ख्रिस्ती धर्मातच मोठा वाद आहे. आज आपण तो समजून घेऊ. बचत गटात आपलंही सगळं काम पैसा आणि विश्वास यांवरच तर चालतं.

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत ओरल रॉबर्ट्स नावाचे धर्मोपदेशक गावोगाव तंबू ठोकून प्रवचनं करत. पुढे ते टीव्हीवर आले. आधी दान द्या, ते बी समजा, मग देवाकडून पीक येईल, ही शिकवण त्यांनी घरोघर पोचवली. टीव्हीवरची वेळ विकत घ्यावी लागते. त्यासाठी दान मागायचं, दानातून कार्यक्रम वाढवायचा, कार्यक्रमातून आणखी दान, असं चक्र सुरू झालं. १९८७ साली तर रॉबर्ट्स यांनी सांगितलं, की मार्चअखेर ८० लाख डॉलर जमले नाहीत तर देव मला उचलून नेईल. लोकांनी पैसे दिले.

जिम बेकर हे दुसरे उपदेशक. एक हजार डॉलर द्या आणि आमच्या धार्मिक सहल-केंद्रात दरवर्षी तीन रात्री फुकट राहा, अशी त्यांची योजना होती. खोल्या थोड्या आणि पैसे घेतले खूप जणांकडून. १९८९ मध्ये फसवणुकीबद्दल त्यांना ४५ वर्षांची शिक्षा झाली. ती पुढे कमी झाली आणि १९९४ मध्ये ते सुटले. तुरुंगात बायबल नीट वाचल्यावर आपली शिकवण चुकीची होती हे कळलं, असं त्यांनी नंतर पुस्तक लिहून कबूल केलं.

तरी मागणी थांबली नाही. २०१५ मध्ये क्रेफ्लो डॉलर या उपदेशकांनी दोन लाख लोकांना प्रत्येकी तीनशे डॉलर मागितले. कशासाठी? खासगी विमानासाठी. दोन लाख गुणिले तीनशे, म्हणजे सहा कोटी डॉलर झाले.

आता वाद काय आहे? या उपदेशकांची बाजू अशी, की दारिद्र्य म्हणजे काही पुण्य नव्हे. बायबलमधला अब्राहाम श्रीमंत होता. देवाला आपली लेकरं सुखात हवीत. गरीब वस्तीतल्या माणसाला, तूही वर येऊ शकतोस, असं सांगणारं कुणीतरी भेटतं. त्या आशेवर कुणी दारू सोडतं, कुणी कामाला लागतं. हे अगदीच खोटं नाही, म्हणून तर लोक जातात.

विरोध करणारेही ख्रिस्तीच आहेत. ते म्हणतात, येशूला स्वतःला डोकं टेकायला जागा नव्हती. धनवानाला देवाच्या राज्यात शिरणं किती अवघड, हे त्यानंच सांगितलं. पोप फ्रान्सिस यांनीही या शिकवणीवर टीका केली.

आमच्या मते सगळ्यात जाचक गोष्ट पुढची आहे. दान दिल्यावर भरभराट झाली, तर ती शिकवणीची साक्ष. नाही झाली, तर तुझा विश्वास कमी पडला. दोन्हीकडून उपदेशक सुटतो आणि दोष येतो देणारीवर. आजारी बाईनं औषधाचे पैसे पाठवले आणि ती बरी झाली नाही, तर दुखण्यासोबत अपराधीपणही तिच्याच पदरी येतं. केट बोलर या अभ्यासिकेनं या शिकवणीचा इतिहास लिहिला. पस्तिसाव्या वर्षी त्यांना स्वतःला कर्करोग झाला. मग त्यांनी लिहिलं, की प्रत्येक दुःखाला कारण असतंच, ही समजूत माणसाला किती एकटं पाडते.

दुसरा प्रश्न हिशेबाचा. अमेरिकेत इतर धर्मादाय संस्थांना दरवर्षी कर खात्याकडे जमाखर्च द्यावा लागतो, चर्चला द्यावा लागत नाही. २००७ मध्ये चक ग्रासली या खासदारांनी सहा बड्या उपदेशकांकडे हिशेब मागितला. काहींनी दिला, बाकीच्यांनी पुरता दिला नाही. २०११ मध्ये चौकशी संपली, शिक्षा कुणालाच झाली नाही. मात्र चौकशीतल्या जॉइस मेयर यांच्या संस्थेनं चौकशी चालू असतानाच हिशेबाचे नियम पाळणाऱ्या ख्रिस्ती संस्थांच्या मंडळात नाव नोंदवलं. आणि २०२२ मध्ये खुद्द क्रेफ्लो डॉलर म्हणाले, की उत्पन्नाचा दहावा हिस्सा देण्याबद्दल मी जे शिकवलं ते बरोबर नव्हतं. पण तोवर किती जणींनी किती वर्षं दिलं असेल!

सख्यांनो, दान वाईट नाही. श्रद्धेची चेष्टा आम्ही करत नाही. पण आपल्या गटात दहा रुपयांचा खर्चसुद्धा बैठकीत वाचून दाखवला जातो आणि त्यावर सह्या होतात. मग देवाच्या नावानं, कोणत्याही धर्मात, कुणी पैसे मागितले तर तीन गोष्टी विचाराव्यात. पैसा जाणार कुठे? हिशेब कुणाला दिसणार? आणि मी दिलं नाही, तर मला भीती घातली जाते का? उत्तर मिळत नसेल, तर पैसा पदरच्या गाठीतच राहू द्या. पुढच्या बैठकीत यावर जरूर बोला.