संदेश गेला, परत कधी आला?

दूरस्थ तास चालू आहे. पडद्यावर शिक्षक बोलत आहेत आणि ऐन सिद्धतेच्या मध्यावर त्यांचा आवाज तुटतो, चेहरा गोठतो. कोणीतरी लगेच इंटरनेटचा वेग मोजून पाहतो. आकडा उत्तम, सेकंदाला ४० मेगाबिट! मग घोडे अडले कोठे?

विद्यार्थी मित्रांनो, आपण ज्याला 'इंटरनेटचा वेग' म्हणतो तो खरे पाहता वेग नव्हेच. पुण्याहून कोल्हापूरला ट्रक भरून वह्या धाडल्या तर माल भरपूर पोचतो. पण 'वह्या मिळाल्या का?' याचे उत्तर त्याच ट्रकने यायचे असेल, तर तुम्हाला दिवसभर वाट पाहावी लागेल. मेगाबिटचा आकडा ट्रक केवढा ते सांगतो. फेरीला किती वेळ लागला ते सांगत नाही. आणि क्लाउडवरील सेवेत कार्यक्रम तुमच्या टेबलावर नव्हे, तर दूरच्या एखाद्या संगणकावर चालत असतो. तेथे जवळजवळ प्रत्येक टिचकीला अशी फेरी घडते.

ही फेरी मोजायची कशी? विहिरीत हाक मारून प्रतिध्वनी किती वेळाने येतो ते पाहतात ना, तशीच. अमेरिकेतील मेरिलँड येथे बॅलिस्टिक रिसर्च लॅबोरेटरीत काम करणाऱ्या माइक म्युस यांनी डिसेंबर १९८३ मध्ये एक छोटासा कार्यक्रम लिहिला. तो दूरच्या संगणकाकडे लहानसा संदेश पाठवतो, उत्तराची वाट पाहतो आणि गेलेला वेळ मिलिसेकंदात छापतो. पाणबुडीच्या सोनार यंत्राच्या आवाजावरून त्यांनी त्याचे नाव ठेवले 'पिंग'. आजही तो बहुतेक संगणकांत असतो.

या वेळेला एक तळ आहे, आणि तो निसर्गाने घातलेला आहे. काचेच्या तंतूत प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो, म्हणजे निर्वातातील वेगाच्या दोनतृतीयांश. मुंबई ते सिंगापूर सरळ रेषेत अंदाजे ३,९०० किलोमीटर आहे. जाऊन येऊन ७,८०० किलोमीटर, म्हणजे ३९ मिलिसेकंद. समुद्रतळावरची केबल वळसे घेत जाते, म्हणून प्रत्यक्षात याहून जास्तच. कितीही पैसे मोजा, ही वेळ त्याखाली येणार नाही! उपाय एकच, सेवासंगणकच जवळ आणणे. मायक्रोसॉफ्टने २०१५ मध्ये पुण्यात आणि ॲमेझॉनने २०१६ मध्ये मुंबईत आपली क्लाउड केंद्रे सुरू केली, त्यामागचे एक कारण हेच.

आता दोन घरांतली ही वाचने पाहा, मिलिसेकंदात. पहिले घर: ४२, ४४, ४३, ४२, ४५. दुसरे घर: १८, २०, १९, २२, १३७. सरासरी काढा. दोन्हीकडे ४३.२! परंतु संभाषण तुटेल ते दुसऱ्या घरात. चित्रपट आधीच काही सेकंद साठवून ठेवता येतो, म्हणून त्याला या चढउताराचे फारसे काही वाटत नाही; बोलणे मात्र साठवता येत नाही. प्रयोगशाळेत नुसती सरासरी लिहून मोकळे होणाऱ्यांना मी नेहमी टोकतो, त्याचे कारण हेच. विखुरलेपण ही चूक नव्हे, ती माहिती आहे.

काही संदेश तर परतच येत नाहीत. ऑक्टोबर १९८६ मध्ये कॅलिफोर्नियात बर्कलेची प्रयोगशाळा व तेथील विद्यापीठ यांच्यातील दळणवळण सेकंदाला ३२ हजार बिटांवरून ४० बिटांवर कोसळले. अंतर होते अवघे ४०० यार्ड! वाटेत रांगा तुंबल्या, संदेश गळू लागले, आणि गळालेले पुन्हा पाठवल्याने गर्दी आणखी वाढली. व्हॅन जेकबसन यांनी यावर उपाय शोधला: संदेश गळाला की पाठवणाऱ्याने आपला वेग झटकन कमी करायचा. म्हणूनच आज शंभरात दोनतीन संदेश गळाले तरी मोठा ट्रक रांगत चालतो.

आता प्रयोग करा. प्रथम घरातल्या राउटरला १०० पिंग पाठवा, मग सेवासंगणकाला. वाचने आलेखावर मांडा. सकाळी एकदा, रात्री आठला एकदा. मग घरातील कोणाला तरी मोठी फाइल चढवायला सांगून पुन्हा एकदा. राउटरपर्यंतच आकडे उड्या मारत असतील, तर दोष भिंतीआडच्या वायफायचा आहे. अधिक मेगाबिटांची महाग योजना घेणे म्हणजे पैसे पाण्यात. आधी तारेने जोडून पाहा. राउटरपर्यंत सारे शांत आणि फाइल चढवतानाच पुढचे आकडे फुगले, तर रांग तुमच्याच घराच्या दाराशी लागते आहे. दोन्ही वेळा घर शांत, पण रात्रीच पुढची वाचने बिघडली, तर तक्रार सेवा पुरवणाऱ्याकडे न्या, आलेखासकट.

एक सावधगिरी मात्र बाळगा. काही सेवासंगणक पिंगला मुद्दामच उत्तर देत नाहीत. तेथे शंभरपैकी शंभर गळाले म्हणून सेवा बंद आहे, असे समजू नका. दुसरा पत्ता घेऊन पाहा.