अंडी मोजा, मगच कोंबडी राखा

पुसेगाव-खरसुंडीच्या यात्रेत खिलार खोंड घेताना तुम्ही त्याची आई कोण, वळू कोणता, हे खोदून विचारता. पण दारातल्या कोंबडीचा वंश कधी पाहिलाय का?

रानकोंबडी वर्षाला १०-१५ अंडी घालते. आपली गावठी ६० ते ८० देते. पुण्याच्या व्यंकटेश्वरा हॅचरीजची ‘बीव्ही-३००’ ही संकरित कोंबडी ७२ आठवड्यांची होईतो ३०० च्या वर अंडी देते. ही नुसत्या खाद्याची करामत नव्हे. पैदास करणारे कोंबडीगणिक अंडी मोजतात, नोंद ठेवतात आणि सरस आईबापांचीच पिल्ले पुढे धरतात. पिढ्यान्‌पिढ्या हेच चालत आले आहे.

मग फार्मची अंडी आणून उबवावीत का? नाही. ती नराविना घातलेली असतात, त्यांतून पिल्लू निघत नाही. नर ठेवून पिल्ले काढली, तरी संकराचा जोम पुढच्या पिढीत उतरतो. गिरिराज, वनराज यांचीही पिल्ले दर खेपेला नवीच आणावी लागतात.

गावठीची निवड मात्र आपल्याच हाती आहे. आजही ती होतेच, पण उलटी! जी कोंबडी सारखी खुडूक होते, तिचीच अंडी तिच्याखाली ठेवतो. म्हणजे कमी अंडी देणारीचा वंश वाढतो. थोराड कोंबडा जत्रेला कापला जातो आणि किरकोळ कोंबडा कळपात राहतो.

हे बदलायला पैसा लागत नाही. प्रत्येक कोंबडीच्या पायाला वेगळ्या रंगाची चिंधी बांधा. कुणी किती अंडी दिली, त्याच्या खुणा कॅलेंडरवर करा. वर्षाअखेर जी पुढे, तिची आठवड्याच्या आतली अंडी खुडूक कोंबडीखाली ठेवा. तिच्याच पिल्लांतला दणकट कोंबडा राखा, पण तो आपल्या कळपात न ठेवता दुसऱ्या गावच्या तशाच कोंबड्याशी बदला. नात्यात पैदास झाली की पिल्ले कमजोर निघतात. आणि मानमोडीची लस चुकवू नका, नाहीतर सगळी मेहनत एका साथीत जाईल.

ग्रामसेवक आणि पशुवैद्यकीय दवाखान्याच्या मंडळींनी बचत गटांना एवढी एक वही घालून द्यावी. माण-खटाव, जत-आटपाडीच्या दुष्काळी घरांत मीठ-मिरची अंड्यांच्या पैशांवरच येते. तिथे कोंबडीमागे वर्षाला वीस अंडी वाढली, तरी घरच्या बाईच्या हाती चार पैसे जास्त राहतील.