तापत्या पट्ट्यावरचा टी-शर्ट

वाळवंटी नदीच्या काठी वसलेल्या साखळी गावाला पावसाचे अप्रूप नाही, धास्ती मात्र आहे. नदीचे पाणी पेठेत शिरू नये म्हणून पंपांचा बंदोबस्त आधीपासून करून ठेवावा लागतो, आणि जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत घरातली मिठाची बरणी, कपाटातले कपडे आणि कचेरीतली दप्तरे सारखीच ओलसर राहतात. तथापि आमच्या उत्सवांनी मुहूर्त धरावेत ते याच दिवसांचे: 24 जूनचा सांजाव, मग गोकुळाष्टमीचा काला, आणि त्यामागून चतुर्थी. पूर्वी अशा प्रसंगी माणसे अंगावर घरचाच सदरा घालून निघत. हल्ली मंडळाचे नाव आणि साल छापलेला एकरंगी टी-शर्ट असल्यावाचून मंडळाला मंडळपण येत नाही. छापखानेवाल्यापाशी मागणी येते ती ऐन पावसात, तीही सणाच्या आदल्या आठवड्यात. आणि या घाईचा सगळा भार शेवटी ज्या यंत्रावर पडतो, त्या कन्वेयर ड्रायरचा परिचय करून देण्याचा येथे हेतू आहे.

दिसायला हे यंत्र अगदी सामान्य असते. एक लांबट पत्र्याची पेटी, दोन्ही तोंडे उघडी; तिच्यातून काचतंतूंच्या जाळीला टेफ्लॉनचा लेप दिलेला पट्टा संथ गतीने सरकत असतो; वर छताशी विजेने तापणारी पॅनेले बसवलेली आणि बऱ्या प्रतीचे यंत्र असेल तर जोडीला गरम हवा खेळवणारा ब्लोअर. स्क्रीनच्या जाळीवरून स्क्वीजी नावाच्या रबरी पट्टीने शाई ओढून छापलेला टी-शर्ट एका तोंडाशी ठेवायचा आणि दुसऱ्या तोंडाशी उचलून घडी घालायची, एवढाच वरकरणी व्यवहार. पॅनेलांतून निघणारे जे अदृश्य इन्फ्रारेड किरण, ते विल्यम हर्शेलला सन 1800 मध्ये सूर्यप्रकाशाच्या पट्ट्यात तांबड्या रंगाच्या पलीकडे तापमापक ठेवला असता सापडले. रेशमी जाळीतून छपाई करण्याचे पेटंट मँचेस्टरच्या सॅम्युएल सायमनने 1907 साली घेतले, आणि 1930 नंतरच्या दशकात फोर्डच्या कारखान्यात मोटारींचा रंग या किरणांनी वाळवू लागले. असे हे दूरदूरचे शोध एकत्र येऊन आमच्या मंडळाचा टी-शर्ट सिद्ध करतात.

शाई नुसती वाळून भागत नाही, ती पक्की व्हावी लागते. प्लास्टिसोल नावाची शाई वस्तुतः वाळतच नाही. पीव्हीसीचे सूक्ष्म कण आणि त्यांना मऊ ठेवणारे तेलकट द्रव्य यांचे ते मिश्रण असून सुमारे 160 अंश सेल्सियसला ते दोन्ही एकजीव होतात. पाण्यात कालवलेल्या पिगमेंट-बाइंडरच्या शाईला साधारण दीडशे अंश आणि तीन-एक मिनिटांचा अवधी लागतो. इकडे सुती कापडाचा स्वभाव असा की, दीडशे अंशांवर ते बराच वेळ राहिले तर क्षीण होऊ लागते, आणि दोनशेच्या पलीकडे पिवळेपणा पाहता पाहता तपकिरी होतो. शाईची गरज आणि कापडाची सहनशक्ती यांत अंतर थोडेच आहे, आणि ड्रायर चालवणाऱ्याची सारी कला त्या चिंचोळ्या अंतरात सामावलेली आहे.

आता कापड करपते कसे, हे नीट समजून घेतले पाहिजे. हवेने तापवण्याची एक अंगभूत मर्यादा असते: 160 अंशांची हवा कापडाला 160 अंशांच्या वर नेऊ शकत नाही, मग ते पेटीत घटकाभर राहिले तरी. पॅनेलांना ही मर्यादा लागू नाही. त्यांचा पृष्ठभाग चारशे-पाचशे अंशांवर तापलेला असतो, आणि त्यांच्या किरणांखाली आलेले कापड थांबवणारे कोणी नसल्यामुळे तापतच जाते. त्याला वाचवतो तो केवळ पट्टा, जो त्याला वेळेवर बाहेर काढतो. दोन मीटर लांबीच्या पेटीत पट्टा मिनिटाला दोन मीटर चालला तर कापडाच्या वाट्याला एक मिनिट येते. घाईच्या दिवशी मालक पट्ट्याचा वेग वाढवतो आणि हरवलेल्या अर्ध्या मिनिटाची भरपाई तापमान चढवून करू पाहतो. माझ्या मते करपण्याचे बहुतेक मामले या एका हिशेबातून उद्भवतात. शाईला लागणारा काळ उष्णतेच्या मोलाने विकत घेता येतो हा समज फारच महाग पडतो.

पावसाळ्यात या मोहाला आणखी एक निमित्त मिळते. सूत हवेतली ओल शोषून घेते. साधारण हवामानात त्याच्या वजनाच्या शेकडा आठ इतके पाणी त्यात असतेच, आणि हवेची आर्द्रता नव्वदीला पोचली की ते प्रमाण दीडपटीच्याही वर जाते. 180 ग्रॅमच्या टी-शर्टात म्हणजे कोरड्या दिवसांतही सुमारे 14 ग्रॅम पाणी दडलेले असते. ते पाणी वाफ करून घालवायला जेवढी उष्णता लागते, तेवढ्याच उष्णतेत तोच टी-शर्ट कोरडा असता तर आणखी जवळपास 140 अंशांनी तापला असता. पाणी आहे तोवर कापड शंभर अंशांच्या अलीकडेपलीकडे अडून राहते. पाणी संपताच उडी घेते.  त्यामुळे ओलसर कापडावरची शाई कच्ची राहते. छापखान्यात जुलैमध्ये धुण्यात शाई सुटल्याची तक्रार आली की थर्मोस्टॅट वीस अंशांनी वर सरकतो, आणि ऑक्टोबरात हवा कोरडी झाली तरी तो तिथेच राहतो; मग पांढऱ्या टी-शर्टांच्या खांद्यांवर चहाच्या डागासारखा रंग चढू लागतो. तापमान न वाढवता पट्टा हळू करणे आणि कोऱ्या टी-शर्टांना छपाईपूर्वी एक फेरी देऊन त्यांची ओल काढणे, हा खरा उपाय. तो वेळखाऊ आहे, म्हणूनच टाळला जातो.

डाग प्रथम कोठे पडतो, हे पाहण्याजोगे असते. गळ्याची दुहेरी पट्टी, बाहीची शिवण, पट्ट्यावर नीट न पसरल्याने उभी राहिलेली सुरकुती, अशा ठिकाणी कापड पॅनेलच्या दोन-तीन बोटे जवळ जाते, आणि तिथेच आधी रंग पालटतो. हूड असलेला जाड कपडा आत सोडताना पॅनेल वर उचलण्याची सोय असूनही ती वापरणारे विरळाच.

यंत्राच्या तोंडावर चमकणारा आकडा पेटीतल्या हवेचा किंवा पॅनेलचा असतो, कापडाचा नव्हे. छपाईलगत तापपट्टी चिकटवून टी-शर्ट आतून फिरवला म्हणजे पट्टीवरचे ठिपके काळे पडून कापडाने गाठलेली कमाल सांगतात. तारेचा तापशोधक कापडावर ठेवून आत सोडला तर दर सेकंदाचा चढउतारही कळतो. इन्फ्रारेड गन हाताशी असते, पण ती बाहेर आलेल्या कापडाचा वरचा थर तेवढा वाचते, आणि पेटीच्या तोंडातून आत रोखली तर पॅनेलांच्या परावर्तित किरणांनी फसते. प्लास्टिसोल शाई पक्की झाली की नाही याची खातरजमा तर अगदी सोपी: छपाई दोन्ही हातांनी ताणावी, तडे गेले तर कच्ची.

फुटबॉलच्या संघांचे पॉलिएस्टरचे कपडे हा वेगळाच पंथ. ते करपण्याआधी चकाकतात, आखडतात, आणि लाल कापडातला रंग वाफ होऊन वर चढल्यामुळे त्यावरचे पांढरे आकडे गुलाबी होतात. त्यांना कमी तापमानात पिकणारी शाईच हवी.

सर्वांत वाईट प्रसंग मात्र वीज जाण्याचा. पावसाळी दुपारी पट्टा जागच्या जागी थांबतो, पॅनेले मात्र लगेच निवत नाहीत. आतले टी-शर्ट त्यांच्याखाली स्थिर पडून राहिले तर ते नुसते पिवळे होऊन सुटत नाहीत, पेटण्याचाही संभव असतो. अशा वेळी पट्टा हाताने ओढून माल ताबडतोब बाहेर काढावा. पट्ट्याच्या लहानशा मोटारीपुरती बॅटरी बसवली तर तिचा खर्च एका बिघडलेल्या खेपेतून सुटतो. संध्याकाळी यंत्र बंद करतानाही आधी पॅनेले विझवून पेटी निवेपर्यंत पट्टा चालता ठेवावा, अन्यथा पट्टाच करपतो.

एवढे करूनही एखादा टी-शर्ट फिकट पिवळा निघालाच, तर त्यावर पातळ हायड्रोजन पेरॉक्साइड फवारून तो उन्हात टाकावा, डाग बहुधा जातो. साखळीत जुलै महिन्यात ऊन शोधावे लागते, ही अडचण आहेच. गडद तपकिरी झालेल्या कापडाला मात्र इलाज नाही. त्यातले सेल्युलोज तुटलेले असते, आणि असे कापड स्क्रीन पुसण्याच्या फडक्यांत जमा होते.