घरांनी राखलेला क्रूस

मुंबई-गोवा महामार्गावर हातखंब्याला रस्ते फुटतात. पश्चिमेला रत्नागिरी. उत्तरेकडे गेलात की पनवेल, मुंबई आणि पुढे वसई. दक्षिणेला सावंतवाडी आणि बांद्यापलीकडे गोवा. कोकणातल्या कॅथलिक वस्तीचा नकाशा काढायचा तर हा तिठा त्याच्या मध्यावर येईल. दोन्ही टोकांना ख्रिस्ती वस्तीची जुनी गावे आहेत, मधल्या रत्नागिरी जिल्ह्यात मात्र विरळ, पांगलेली कुटुंबे. २००५ साली पुणे धर्मप्रांतातून सिंधुदुर्ग धर्मप्रांत वेगळा झाला आणि रत्नागिरी त्यात गेली.

आपल्या इतिहासाच्या पुस्तकांत हा समाज येतो तो पोर्तुगीजांच्या प्रकरणात. १५३४ च्या तहाने वसई त्यांच्याकडे गेली, धर्मांतरे झाली, चर्चे उठली. मे १७३९ मध्ये चिमाजीअप्पांनी किल्ला घेतला आणि प्रकरण संपले. त्या पानावरचा कॅथलिक शेतकरी, कोळी, त्यांच्या बायका पुढे काय करत होत्या, याची चौकशी फारशी कोणी केली नाही. मला विचाराल तर खरा इतिहास तिथून पुढचा आहे. राजसत्ता गेली, युरोपियन पाद्री गेले. तरी लोकांनी धर्म सोडला नाही. गोव्याहून येणाऱ्या मोजक्या देशी पाद्र्यांच्या आधाराने, पण मुख्यतः घरातल्या सांजप्रार्थनेवर, गावच्या क्रुसापाशी आणि सणावारांत त्यांनी तो चालवला.

रेवदंड्याच्या खाडीपलीकडचे कोर्लई हे याचे विलक्षण उदाहरण. १७४० मध्ये शेजारच्या चौलसह हा भाग मराठ्यांकडे आला. पण कोर्लईच्या गरीब ख्रिस्ती कुटुंबांनी आपली पोर्तुगीज-मराठी मिश्र बोली आजतागायत घरात राखली आहे. कुठल्या शाळेने ती शिकवली नाही. ती आयांनी मुलांना दिली.

राज्य असतानाही सामान्यांचा धर्म चर्चच्या हुकमाबरहुकूम चालला, असे नाही. १७३६ च्या एप्रिलमध्ये गोव्याच्या धर्मन्यायपीठाने, म्हणजे इन्क्विझिशनने, एक जाहीरनामा काढला. लग्नात गायच्या ओव्या बंद, हळद लावणे बंद, दारातली तुळस बंद, धोतर आणि चोळी बंद. अळणी भात शिजवण्यालासुद्धा मनाई होती. हा कागद संशोधकाच्या फार उपयोगाचा आहे. दोनशे वर्षे ख्रिस्ती असलेल्या घरांत काय काय चालत होते, याची ती यादीच आहे. जे घडतच नाही त्यावर कोणी बंदी घालत नाही. आणि हुकूम हरला. वसईच्या लग्नांत हळद राहिली, वाजतगाजत उंबराचे पाणी आणणे राहिले, बायकांची गाणी राहिली. गोव्यात वधूवरांना नारळाचा रस लावण्याचा ‘रोस’ आजही होतो. पहिल्या भाताच्या लोंब्या चर्चमध्ये नेऊन आशीर्वाद घेण्याचा सण उत्तर कोकणात ‘आगेरा’ म्हणून पाळतात, गोव्यात तो कणसांचे फेस्त म्हणून होतो. नवान्न करणाऱ्या कोकणी माणसाला यात परके काही वाटणार नाही.

मराठीच्या अभ्यासकांनी तर या घरांचे ऋण मानायला हवे. फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ हे मराठी काव्य १६१६ मध्ये गोव्यातल्या रायतूरला रोमन लिपीत छापले गेले. त्या आवृत्तीची एकही प्रत आज ज्ञात नाही. पुढे १६८४ मध्ये पोर्तुगीज सरकारने देशी भाषांविरुद्ध फर्मान काढले. अशा काळातही हे दहा हजारांहून अधिक ओव्यांचे काव्य टिकले, कारण लोक ते गात होते, उतरवून घेत होते. १९०७ मध्ये जोसेफ साल्ढाणा यांनी मंगळूरला त्याची नवी आवृत्ती काढली, ती मुख्यतः त्या भागातल्या कुटुंबांनी पिढ्यान्‌पिढ्या जपलेल्या हस्तलिखितांच्या आधारे. ज्या ग्रंथाचा आपण वाङ्मयेतिहासात गौरव करतो, तो वाचवला गृहस्थांनी.

पोट भरायला माणसे मुंबईला गेली, तेव्हा धर्म सोबत नेला. गोव्याच्या गावागावांनी धोबीतलाव-माझगावकडे आपापल्या ‘कूड’, म्हणजे मुक्कामाच्या जागा, उभारल्या. बोटीवर चढण्याआधी खलाशी तिथे उतरत. एका भिंतीशी गावच्या संताची वेदी, भोवती ट्रंका, आणि संध्याकाळी सगळ्यांनी मिळून जपमाळ म्हणायचा नियम. कारभार गावकऱ्यांचाच. हा लोकधर्म कॅथलिकांपुरताही राहिला नाही. वांद्र्याच्या मोत माउलीच्या सप्टेंबरातल्या जत्रेत मेणाचे हात, पाय, घर वाहणाऱ्यांत सगळ्या धर्मांची माणसे असतात. म्हापशाच्या मिलाग्रीस सायबिणीला, म्हणजे मारियेला, शिरगावच्या लईराई देवीची बहीण मानणारे लोक हिंदू आणि ख्रिस्ती दोन्ही धर्मांत आहेत.

वसईने भारताला पहिला संत दिला, तोही पाद्री नव्हता. गोन्सालो गार्सिया आधी व्यापारी होते, मग फ्रान्सिस्कन संघात साधे बंधू झाले. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीत त्यांना क्रुसावर मारले आणि १८६२ मध्ये संतपद मिळाले.

पाद्र्यांची पत्रे, राजांचे तह, न्यायपीठाचे हुकूम अभिलेखागारांत सुरक्षित आहेत. घरांचा इतिहास मात्र आजींच्या गळ्यात आणि चर्चमधल्या बाप्तिस्मा, विवाह, दफनाच्या नोंदवह्यांत आहे. कोकणच्या दमट हवेत कागद टिकत नाही आणि इंग्रजी माध्यमात गेलेल्या नातवंडांना ती गाणी येत नाहीत. सावंतवाडी, वेंगुर्ले, मालवण, रत्नागिरी, वसई इथे ज्यांच्या घरी अशी गाणी, वह्या, जुने फोटो असतील, त्यांनी या सुट्टीतच फोनवर ती ध्वनिमुद्रित करावीत, पानांची छायाचित्रे घ्यावीत आणि एक प्रत जवळच्या महाविद्यालयाच्या मराठी किंवा इतिहास विभागाला द्यावी.