पाच मिनिटांच्या किरणांमागे

सुरतच्या लिंबायत, उधना, डिंडोली भागात खानदेशातून आलेली मराठी कुटुंबं पिढ्यान्‌पिढ्या लूमवर राबतात. इथे खोकल्याचं कुणाला नवल वाटत नाही आणि तो लांबला तर पहिला संशय टीबीचाच येतो. आमच्या अप्पांचंही तेच झालं. एक्स-रेत उजव्या फुफ्फुसावर डाग दिसला. थुंकीत जंतू सापडले नाहीत, तरी एका दवाखान्यात टीबीच्या गोळ्या सुरू झाल्या. वजन उतरत गेलं, थुंकीत रक्ताची रेघ आली, तेव्हा कुठे सीटी स्कॅन झालं.

स्कॅनमध्ये गाठ दिसली, पण निदानासाठी तुकडा तपासावाच लागतो. ‘सुई लावली की कॅन्सर पसरतो’ ही भीती घरात प्रत्येकाने बोलून दाखवली. डॉक्टरांनी शांतपणे समजावलं, की तो धोका नगण्य आहे आणि तुकड्याशिवाय उपचार म्हणजे अंधारात चाचपडणं. सीटीच्या टेबलावर जागा बधिर करून बरगड्यांमधून सुई गाठीपर्यंत नेली. गाठ मोठ्या श्वासनलिकेजवळ असती, तर दुर्बिणीतून तुकडा घेतला असता.

रिपोर्ट आला : अ‍ॅडेनोकार्सिनोमा. फुफ्फुसाच्या कॅन्सरपैकी सुमारे ८५ टक्के ‘नॉन-स्मॉल सेल’ गटात मोडतात, त्यातलाच हा. त्याच तुकड्यावर ईजीएफआर, एएलके या जनुकांची तपासणी झाली, कारण त्यांत बदल सापडला तर नेमक्या गोळ्या उपलब्ध आहेत. अप्पांच्यात तो नव्हता. पेट स्कॅनमध्ये आजार छातीच्या मध्यभागातल्या लसिका ग्रंथींपर्यंत गेलेला दिसला, त्यापलीकडे नाही. म्हणजे तिसरी स्टेज. ऑपरेशन शक्य नव्हतं. ठरलं ते रेडिएशन आणि सोबत दर आठवड्याला केमो. एकूण ६० ग्रे (ग्रे म्हणजे किरणांची मात्रा मोजायचं एकक), रोज २ ग्रे, ३० वेळा.

आम्हाला वाटलं, उद्यापासून शेक सुरू. आधी मात्र मोजमाप झालं. अप्पांना मऊ पिशवीवर झोपवून हात डोक्यामागे ठेवायला लावले. पिशवीतली हवा ओढली, तशी ती त्यांच्या पाठीच्या, दंडांच्या आकारात कडक झाली. रोज त्याच साच्यात झोपायचं. पोटावर छोटा ठोकळा ठेवला. श्वासाबरोबर तो वर-खाली होई आणि कॅमेरा ते टिपून घेई. गाठही श्वासागणिक हलते, म्हणून ती कुठून कुठवर जाते हे या मोजमापाच्या वेळी काढलेल्या सीटीत पकडतात. शेवटी छातीवर गोंदणाचे बारीक ठिपके दिले.

मग काही दिवस बोलावणंच नाही. आमचा जीव टांगणीला. त्या दिवसांत डॉक्टर स्कॅनच्या एकेका चित्रावर गाठ, हृदय, अन्ननलिका, मज्जारज्जू वेगवेगळ्या रंगांनी आखत होते आणि मेडिकल फिजिसिस्ट किरणांच्या वाटा जुळवत होते. गाठीला पूर्ण मात्रा मिळावी, पण मज्जारज्जूवर साधारण ५० ग्रेपेक्षा जास्त जाऊ नये, निरोगी फुफ्फुस शक्य तितकं वाचावं, यासाठी हा सगळा खटाटोप. मशीन रिकामं दिसतं म्हणून घाई करणाऱ्या नातेवाइकांनी एवढं समजून घ्यावं.

‘काका, शांतिथी श्वास लो, हलता नहीं,’ टेक्निशियन गुजरातीत सांगून बाहेर जाई आणि जाड दार बंद होई. मशीन आधी छोटं सीटी घेई, त्यावरून टेबल काही मिलिमीटर सरकवलं जाई. मग यंत्राचं डोकं अंगाभोवती फिरे. चार-पाच मिनिटांत काम आटपे. ना चटका, ना दुखणं.

त्रास नंतर झाला. तिसऱ्या आठवड्यात गिळताना जळजळ सुरू झाली. मऊ भात, पातळ वरण, थंड दूध एवढंच उतरे. उपचारानंतर काही महिन्यांतही कोरडा खोकला, धाप लागू शकते. तेव्हा लगेच दाखवायचं. नातवंडांना जवळ घ्यायला हरकत नाही, अशा उपचाराने अंगात किरण उरत नाहीत.

आजार लवकर सापडला आणि गाठ लहान असली, तर एसबीआरटी या रेडिएशनच्या प्रकारात बहुधा तीन ते पाच वेळांतच काम होतं. आजार हाडांत पोचलेला असला, तरी ८ ग्रेची एकच मात्रा बऱ्याच जणांचं दुखणं हलकं करते. पण आजार लवकर सापडावा म्हणून, खोकला तीन आठवड्यांवर गेला, थुंकीत रक्त दिसलं किंवा टीबीच्या गोळ्यांनी फरक पडेना, तर सीटीचं विचारा. आणि रेडिएशन सुरू झालं की गावच्या लग्नासाठी मधले दिवस बुडवू नका. खंड पडला की गाठीला सावरायला वेळ मिळतो.