कॅमेऱ्याशी बोलताना

सोसायटीच्या फाटकावर किंवा दुकानाच्या गल्ल्यावर नजर ठेवून असलेला नेटवर्क कॅमेरा म्हणजे खरे तर एक लहानसा संगणक. त्याच्या पोटात प्रोसेसर असतो, वेब सर्व्हरही असतो. १९९६ साली स्वीडनच्या ॲक्सिस कंपनीने ‘नेटआय २००’ हा थेट नेटवर्कला जोडता येणारा कॅमेरा बाजारात आणला. अशा कॅमेऱ्याला आपल्या प्रोग्रॅममधून ‘मान डावीकडे वळव’, ‘तुझे मॉडेल कोणते ते सांग’ असे सांगता येते. हे ज्या ठरलेल्या आज्ञांनी सांगायचे, तो संच म्हणजे कॅमेऱ्याचा वेब एपीआय.

प्रत्येक कंपनीचा संच निराळा, त्यामुळे कॅमेरा बदलला की प्रोग्रॅमही नव्याने लिहावा लागे. २००८ साली ॲक्सिस, बॉश आणि सोनी यांनी ‘ऑनव्हिफ’ ही संस्था स्थापन करून सामाईक आज्ञा ठरवायला घेतल्या. त्यांची पद्धत ‘सोप’ची. प्रश्न एक्सएमएलच्या लांबलचक लिफाफ्यात घालून पाठवायचा, उत्तरही तशाच लिफाफ्यात येते. हे हाताने लिहिणे म्हणजे शिक्षाच! म्हणून क्लायंट लायब्ररी वापरतात. लायब्ररी म्हणजे इथे ग्रंथालय नव्हे, तर आयत्या प्रोग्रॅमचा गठ्ठा. पायथन भाषेतली ‘ऑनव्हिफ-झीप’ ही अशीच एक. तिला कॅमेऱ्याचा पत्ता, पोर्ट, युजरनेम आणि पासवर्ड दिला की लिफाफे भरण्याचे काम तिचे. मात्र ती लिफाफा झाकते, कॅमेऱ्याचा स्वभाव झाकत नाही. नवशिके अडतात ते इथेच.

सर्वांत फसवी अडचण घड्याळाची. पासवर्ड उघडा पाठवायचा नाही म्हणून लायब्ररी एक यादृच्छिक मजकूर, त्या क्षणाची वेळ आणि पासवर्ड एकत्र करते, त्यांच्यापासून ‘शा-१’ पद्धतीने एक ठसा काढते आणि तो पाठवते. सोबत तो मजकूर आणि वेळही जाते. कॅमेरा आपल्याकडच्या पासवर्डने तोच हिशेब करून ठसा जुळवतो. वेळ कशासाठी? कोणी मधल्यामध्ये लिफाफा चोरून उद्या पुन्हा पाठवला, तर शिळा म्हणून तो नाकारता यावा यासाठी. आता कॅमेऱ्याचेच घड्याळ चुकलेले असेल, तर आपला ताजा लिफाफाही त्याला शिळा वाटतो. लिफाफ्यातली वेळ जागतिक प्रमाणवेळेची असते. बसवणाऱ्याने त्या रकान्यात भारतीय वेळ भरली, तर साडेपाच तासांचा फरक पडला. आणि गंमत अशी, की कॅमेरा बहुधा घड्याळाचे नावही काढत नाही. ‘तुम्हाला अधिकार नाही’ एवढेच कळवतो. माणूस पासवर्ड बदलत बसतो. तोड नियमातच आहे: ‘गेट सिस्टिम डेट अँड टाइम’ ही आज्ञा पासवर्डाशिवाय चालते. आधी कॅमेऱ्याला वेळ विचारावी, फरक काढावा आणि लिफाफ्यावर त्याच्या घड्याळाची वेळ घालावी. ऑनव्हिफ-झीपमध्ये ‘ॲडजस्ट टाइम’ हा पर्याय त्यासाठीच आहे, पण तो आपण सुरू करावा लागतो.

दुसरा गैरसमज चित्राबद्दलचा. एपीआयकडून व्हिडिओ येत नाही, त्याचा पत्ता येतो. आधी कॅमेऱ्यातली ‘प्रोफाइल्स’ विचारायची, त्यांतली एक निवडून ‘गेट स्ट्रीम यूआरआय’ म्हणायचे. उत्तरात आरटीएसपीने सुरू होणारा पत्ता मिळतो. तो उघडायला एफएफएमपेगसारखे वेगळे साधन लागते.

कॅमेरा फिरवताना तर ‘हो’चा अर्थही नीट समजून घ्यावा लागतो. ‘कंटिन्युअस मूव्ह’मध्ये आपण जागा सांगत नाही, वेग सांगतो. उत्तर लगेच येते, पण त्याचा अर्थ ‘ऐकले’ इतकाच, ‘पोहोचलो’ असा नव्हे. ‘स्टॉप’ म्हणेपर्यंत किंवा मुदत संपेपर्यंत मान फिरतच राहते. मधेच आपला प्रोग्रॅम बंद पडला, तर फाटकाकडे पाहणारा कॅमेरा भिंतीकडे तोंड करून बसायचा. म्हणून आज्ञेसोबत मुदत द्यावीच.

राहता राहिला पासवर्ड. २०१६ साली ‘मिराई’ या घातक प्रोग्रॅमने जगभरातले कॅमेरे आणि रेकॉर्डर ताब्यात घेतले. त्याची वाट एपीआयची नव्हती, टेलनेटची होती, पण किल्ली साधीच होती: कारखान्यातून आलेल्या आणि कोणी न बदललेल्या पासवर्डांची छोटी यादी. त्या यंत्रांच्या जोरावर ऑक्टोबर २०१६मध्ये ‘डिन’ या कंपनीवर हल्ला झाला आणि ट्विटरसारखी संकेतस्थळे अनेकांना काही तास उघडेनात. तरीही लायब्ररी वापरणारे पुष्कळजण प्रोग्रॅममध्ये ‘ॲडमिन’चेच खाते लिहून मोकळे होतात. मग ती फाइल ज्याच्या हाती पडेल, त्याच्या हाती सगळा कॅमेरा. ऑनव्हिफमध्ये खात्यांच्या पायऱ्या आहेत. नुसते चित्र पाहायचे तर ‘युजर’ खाते पुरते, मान फिरवायची तर ‘ऑपरेटर’. प्रोग्रॅमसाठी असे वेगळे खाते उघडायला पाच मिनिटेही लागत नाहीत.